‘जुने पडदे’ लिहिलेली चार खोकी

नेव्हिल बॅग्नलने चौतीस वर्षं टनस्टॉलच्या एका चिनी मातीच्या कारखान्यात भट्टी भरली. कच्चे कप फळीवर घेऊन आत जायचं, एकाला दुसरा टेकणार नाही अशा बेताने मांडायचे आणि बाहेर यायचं. टेकले की चिकटले, चिकटले की फुकट. त्यामुळे घर बदलायची वेळ आली तेव्हा त्याने आपल्या गाण्यांच्या तबकड्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

घर बदलणं भाग होतं. गुडघे जिना चढू देईनात आणि बायको हेझेल जाऊन सहा वर्षं झाली होती. भाचीने, लिनेटने, लाँगटनला तळमजल्यावरची एक खोली मिळवून दिली.

तबकड्या चारशे सोळा. सगळ्या लहान, एका बाजूला एक गाणं. अमेरिकेत ज्यांना कुणी विचारलं नाही अशी ही गाणी इथे इंग्लंडात स्टोकच्या पोरांनी दर शनिवारी नाचून जिवंत ठेवली होती. त्या नाचांत नेव्हिल तबकड्या लावायचा. लावणाऱ्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही अशी तबकडी असावी लागते. ती आपल्यापुरतीच राहावी म्हणून तिच्या मधल्या गोलावर पांढरा कागद चिकटवायचा आणि वर भलत्याच गायकाचं, भलत्याच गाण्याचं नाव लिहायचं. सगळेच तसं करायचे, त्यात लाज नव्हती. नेव्हिलच्या अशा अकरा होत्या. त्यांची खरी नावं त्याने कुणालाच सांगितली नाहीत. हेझेललाही नाही. तिने कधी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.

भरायला दोन दिवस लागले. तबकडी उभी ठेवायची, आडवी कधी नाही. इतकी घट्ट की मध्ये बोट शिरू नये, पण काढताना ओढावी लागू नये. शेवटी वर काय लिहायचं हा प्रश्न आला. ‘तबकड्या’ लिहिलं तर सामान उचलणाऱ्यांना कळणार. हात जुन्याच सवयीने चालला. चारही खोक्यांवर त्याने जाड पेनाने लिहिलं, ‘जुने पडदे’.

शनिवारी दारात दोन गाड्या आल्या. एक सामान न्यायला, दुसरी नको असलेलं न्यायला. ही दुसरी दानातल्या वस्तू विकणाऱ्या दुकानाची होती, लिनेटने बोलावलेली. त्या वेळी नेव्हिल वर शेल्फाचे स्क्रू काढत होता. स्क्रू गंजलेले होते. घाई केली की डोकं जातं, म्हणून तो सावकाश काढत होता. खाली लिनेट यादी वाचून वस्तू काढून देत होती. यादी नेव्हिलनेच लिहिली होती. दानात द्यायचं: खुर्च्या दोन, इस्त्रीचं टेबल, जुने पडदे.

“मामा, पडदे कसले रे होते तुझे?” संध्याकाळी नव्या खोलीत लिनेट म्हणाली. “गाडीवाला विचारत होता, एवढं जड, आत सासू गुंडाळलीय का.”

नेव्हिलने कप खाली ठेवला. “किती खोकी दिलीस?”

“होती तेवढी. चार. आणि एक पिशवी.”

पडदे पिशवीत होते.

त्याने सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. “मग तसं लिहिलंस कशाला? बाहेरच्यांपासून लपव, पण मला तरी सांगायचं होतंस.”

त्याने जे लिहिलं होतं तेच तिने वाचलं होतं.

सोमवारी तो दुकान उघडण्याआधीच दारात उभा होता. दुकानातल्या बाईंना आठवत होतं. “शनिवारीच गेल्या हो त्या. टेबलावर मांडतोय तोवर एक टोपीवाला आला आणि सगळ्या घेऊन गेला. कागद चिकटवलेल्या होत्या ना काही, त्या आम्ही टाकूनच देणार होतो. तो म्हणाला, असू देत.”

“नाव काय त्याचं?”

“आजोबा, नाव कोण विचारतं इथे? खोकी ठेवून गेलाय. हवीत?”

नेव्हिलने नकारार्थी मान हलवली आणि तो बसथांब्याकडे निघाला.

मग त्याने रॉय कोल्क्लोला फोन केला. रॉयही तबकड्या लावणारा. तो चाळीस वर्षं नेव्हिलच्या खांद्यावरून वाकून पाहत आला होता आणि नेव्हिल चाळीस वर्षं तबकडीवर हात ठेवत आला होता.

“टोपीवाला आज ना उद्या विकायला काढणारच,” रॉय म्हणाला. “मी सगळीकडे कळवतो. नावं सांग.”

नेव्हिलने चारशे पाच नावं सांगितली. दीड तास लागला.

“आणि झाकलेल्या?”

“त्या वरच्या नावांनीच शोध.”

“अरे, खोट्या नावांनी कोण शोधणार? त्याने एव्हाना कागद सोललेही असतील.”

“विचार करतो.”

“चाळीस वर्षं केलास की. अजून कर.”

नेव्हिलने तीन दिवस विचार केला. खोलीत बोलायला कुणी नव्हतं आणि लावायला काही नव्हतं. नावं सांगितली तर तबकड्या परत येऊनही त्याच्या एकट्याच्या राहणार नव्हत्या. नाही सांगितली तर येणारच नव्हत्या. चौथ्या दिवशी तो कागद घेऊन बसला. अकरा खोटी नावं भराभर उतरली. त्यांच्यासमोर तो खरी लिहू लागला. आठ लिहिली आणि पेन थांबलं.

तीन नावं आठवेनात. ती त्याने शेवटची पाहिली होती ओल्या डिंकाखाली, अठ्ठ्याहत्तर साली. प्रत्येक गाण्यातला ढोल कुठे पडतो ते त्याला ठाऊक होतं. नाव नव्हतं. आणि विचारावं असं जगात कुणी नव्हतं, तशी खबरदारी त्याने स्वतःच घेतली होती.

त्याने रॉयला आठ नावं दिली. “तीन आठवत नाहीत.”

“आठवत नाहीत म्हणजे?”

“म्हणजे आठवत नाहीत.”

रॉय हसला नाही. “गुणगुण.”

“फोनवर?”

“मग काय, त्या गुडघ्यांनी नाचून दाखवणार आहेस?”

पहिली दोन रॉयला ओळखता आली नाहीत. तिसरं नेव्हिलने सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला पलीकडून रॉयचा बसका आवाज त्यात मिसळला. दोघांनी ते कडवं संपेपर्यंत नेलं.

“लुरीन टॅपस्कॉट,” रॉय म्हणाला. “माझ्याकडे आहे.”

“कधीपासून?”

“ऐंशीपासून. तू लावायचास, म्हणून दोन वर्षं शोधली.”

“तुला ती लावताना कधी ऐकलं नाही.”

“घरीच ठेवली. मी लावली असती तर तुझ्याकडे काय उरलं असतं?”

“लाव,” नेव्हिल म्हणाला.

तो फोन कानाला धरून उभा राहिला. त्याच्या तबकडीवर दुसऱ्या कडव्यानंतर एक ओरखडा होता, तिथे टक् असा आवाज यायचा. नाचणारेही त्या ठेक्यावर टाच आपटायचे. तो त्याची वाट पाहत राहिला. गाणं तिथून सरळ पुढे गेलं.

“स्वच्छ आहे तुझी,” तो म्हणाला.

“रविवारी ये की. दोन बस बदलाव्या लागतात, एवढंच.”

“बघतो.”

वर्षभरात रॉयच्या खटपटीने एकतीस तबकड्या परत आल्या. कागद चिकटवलेली त्यात एकही नव्हती. नऊ नावं मात्र सगळीकडे पसरली, आणि आता तरुण पोरंही ती गाणी नाचांत लावतात, खऱ्या नावांनी. लिनेट एकदा नेव्हिलला अशा एका नाचाला घेऊन गेली होती. त्यातलं एक लागलं तेव्हा शेजारी बसलेल्या मुलीने त्याला आपणहून गायिकेचं नाव सांगितलं. त्याने आभार मानले आणि गाणं संपेपर्यंत अंगातला कोट न काढता बसून राहिला.