विसातली चौदा मिनिटं

कंगवाबाईची बोटं घरी स्वस्थ बसत नसत. चहा घेताना टेबलक्लॉथची झालर उसवायची, टीव्ही बघताना पडद्याच्या गोंड्याचे दोरे सुटे करायची. नवरा निवृत्त बसड्रायव्हर आणि पक्का थट्टेखोर. तो म्हणायचा, "अगं, सोड त्या पडद्याला. त्याच्यात काही सापडायचं नाही." बाई हसायची, हात मांडीखाली दाबून धरायची, आणि दोन मिनिटांत बोटं पुन्हा गोंड्याकडे.

एकोणीस वर्षं ती तुरुंगात झडतीचं काम करत होती. कैद्यांना भेटायला येणाऱ्या आया, बायका, बहिणी आधी तिच्या खोलीत यायच्या. खोली कसली, एक खुर्ची, एक टेबल, फडफडणारी ट्यूबलाइट आणि भिंतीवर घड्याळ. खिसे उलटे करायचे, बुटांचे तळ ठोकून बघायचे, बाह्या चाचपायच्या आणि शेवटी केस. केसांसाठी तिच्या खिशात लांब दांडीचा एक कंगवा असायचा. त्यावरून भेटायला येणाऱ्या बायकांनी तिचं नाव पाडलं होतं, आणि ते काही प्रेमाने पाडलेलं नव्हतं.

नियम असा होता की डोक्यावर तीनपेक्षा जास्त वेण्या असतील तर त्या पूर्ण सोडून तपासायच्या आणि केस पुन्हा बांधूनच बाईला आत पाठवायचं. नियमात रंगाचा शब्दही नव्हता. ज्याने लिहिला तो साधा माणूस नसणार. कारण तीनपेक्षा जास्त वेण्या घालतं कोण? गोऱ्या बायकांचे केस सरळ, एक शेपटा बांधला की झालं. काळ्या बायकांचे केस दाट, बारीक कुरळे. डोकंभर वेण्या घातल्याशिवाय ते आवरत नाहीत. एकेकीच्या डोक्यावर तीस-तीस, चाळीस-चाळीस. गोरीचा शेपटा कंगवाबाई उचलायची, झटकायची आणि म्हणायची, "पुढे." काळीला म्हणायची, "बसा."

भेट वीस मिनिटांची. बाहेरच्या फाटकावर पासावर शिक्का पडला की वेळ सुरू. चाळीस वेण्या सोडायच्या, कंगवा फिरवायचा, सगळे केस गोळा करून कसेबसे बांधायचे, याला बाईचा हात कितीही चालला तरी चौदा मिनिटं लागायची. उरली सहा.

कंगवाबाई स्वतः गोरी. पण आपण कुणाला कमी लेखत नाही, कुणाला झुकतं माप देत नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची. केस ओढायची नाही, कुणाला टाकून बोलायची नाही. एकोणीस वर्षांत वेण्यांमध्ये तिला सापडलं काय, तर दोन तुटक्या पिना आणि एक मणी. एकदा मात्र एका गोऱ्या बाईच्या टाचेत पुडी सापडली. तेव्हापासून सगळ्यांचेच बूट ठोकून बघायला लागले. गोऱ्यांसाठी म्हणून वेगळा नियम करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. वेण्या मात्र काही न सापडताही सुटतच राहिल्या.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग ती इस्त्रीवाली आली.

इस्त्रीवाली साठीच्या पुढची. हॉटेलच्या चादरींना इस्त्री करायची, दोन्ही मनगटांवर चटक्यांचे जुने डाग. तिचा धाकटा मुलगा आठ वर्षांच्या शिक्षेवर आत होता. दर पंधरा दिवसांनी ती यायची, निमूट खुर्चीत बसायची, मान पुढे करायची. चार-पाच भेटी ती काही बोलली नाही. एक दिवस मान खाली असतानाच म्हणाली, "बाई, जरा घाई करता येईल का?"

"करतेच आहे. ओढलं तर दुखेल."

"दुखू दे. माझ्या धाकट्याला तोंड उघडायलाच दहा मिनिटं लागतात. लहानपणापासून तसाच आहे. आधी नुसता बसणार, मग हं हं करणार, मग बोलणार. सहा मिनिटांत आमचं हं हं पण होत नाही."

"मग तुम्ही बोला. त्याने ऐकलं तरी पुरे."

"ऐकायचं नाहीये, सही करायची आहे त्याने. शिक्षा कमी करायचा अर्ज आहे. वकील फुकट मिळालेत, शेवटची तारीख दोन-अडीच महिन्यांवर आहे. हा म्हणतो, सही करणार नाही. का, ते सांगायच्या आत घंटा होते."

पुढच्या भेटीला तिने कारण अर्धंमुर्धं आणलं. आत गटारं उपसायचं आणि बॉयलरचं काम काळ्यांना, वाचनालय आणि ऑफिसातली कामं गोऱ्यांना. बराकी वेगळ्या, हौद वेगळे. कुठेही लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ. धाकटा म्हणाला होता, "आपल्या बाजूच्या कुणाचा अर्ज पुढे गेलाय? उलट अर्ज करणारा डोळ्यावर येतो." एवढंच बोलायला त्याला सहाच्या सहा मिनिटं लागली होती. समजूत घालायची राहूनच गेली.

त्या दिवसापासून कंगवाबाईचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. भिंतीवरचं घड्याळ एकोणीस वर्षं तिथेच होतं, पण त्याची टिकटिक तिला आत्ता ऐकू यायला लागली. शेपटा उचलताना ती घड्याळ बघायची, दहा सेकंद. वेण्या सोडताना बघायची, अकरा मिनिटं, बारा, तेरा. घरी जेवताना नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी माणसांची मिनिटं खाते." नवऱ्याला वाटलं, ही चेष्टा. तो म्हणाला, "मग इथे पोळी कशाला खातेस?" तिने ताट सरकवलं आणि उठली. तेव्हा कुठे त्याला कळलं, ही चेष्टा नाही.

ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे तुरुंगाचे अधीक्षक. माणूस वाईट नव्हता, खुर्ची दिली, पाणी विचारलं.

"साहेब, वेळ माझ्या खोलीतून सुटल्यावर मोजली तर?"

"मग भेटी संध्याकाळपर्यंत चालतील."

"मग वेण्यांचा नियम..."

"नियम सगळ्यांना सारखा आहे ना बाई? गोऱ्या बाईने चाळीस वेण्या घातल्या तर तुम्ही सोडून बघालच की."

"बघेन. पण ती कधी घालते?"

साहेब हसले. "हे तुम्ही मला विचारताय?" असं म्हणून त्यांनी फाइल उघडली. फाइल उघडली की उठायचं, हे बाईला ठाऊक होतं.

मग तिने आपल्या डोक्याने एक तोड काढली, आणि इथेच चुकली. इस्त्रीवालीला म्हणाली, "पुढच्या वेळी वेण्या घालूच नका. मोकळे केस घेऊन या. मी कंगवा फिरवते, रबर लावते, दोन मिनिटांत तुम्ही आत." इस्त्रीवालीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. गोऱ्या बाईच्या सल्ल्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ती ठरवत असावी. शेवटी ठेवला.

ती मोकळे केस घेऊन आली तेव्हा बाहेरच्या फाटकानेच तिला परत पाठवलं. केस विस्कटलेले, पोशाख नीटनेटका नाही, असं लिहून पासावर लाल रेघ मारली. कंगवाबाई तिची वाट बघत खोलीत बसून राहिली. कळलं तेव्हा ती फाटकापर्यंत धावली, पण बस निघून गेली होती. शेवटच्या तारखेआधी आता एकच भेट उरली होती. सहा मिनिटांवरून बाईने तिला शून्यावर आणून ठेवलं होतं. त्या पंधरवड्यात घरच्या पडद्याचे सगळे गोंडे संपले.

शेवटच्या भेटीच्या दिवशी दार उघडलं आणि इस्त्रीवाली आत आली. डोकं पूर्ण भादरलेलं. कानामागे वस्तऱ्याने कापल्याची एक ताजी रेघ.

कंगवाबाईचा हात सवयीने वर गेला. बोटं त्या उघड्या कातडीवर टेकली, आणि काय करायचं ते न कळून तिथेच थांबली.

"नुसते बारीक कापून आले असते तर फाटकावरचे म्हणाले असते, विस्कटलेत," इस्त्रीवाली म्हणाली. "म्हणून मुळापासूनच काढले. बघा लवकर, वेळ जातोय."

झडती दीड मिनिटात झाली. सहीचा कागद असला की झडती घेणारीने तो स्वतः आत न्यायचा, म्हणून बाई तिच्या मागोमाग गेली. भेटीच्या हॉलमध्ये खिडकीकडच्या टेबलांवर गोरे, भिंतीकडच्या टेबलांवर काळे. धाकटा भिंतीशी बसला होता. आईला पाहिलं आणि खाडकन उभा राहिला.

"आई, काय झालं तुला?"

पहिलं मिनिटही संपलं नव्हतं. दहा मिनिटं तोंड न उघडणारा तो मुलगा.

"अरे, काही नाही. ते केस..." इस्त्रीवाली बोलता बोलता थांबली. तिने मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाईच्या हातातल्या कागदाकडे. कंगवाबाईला तिच्या मनात काय आलं ते तेव्हाच कळलं.

"बरं नाहीये मला," इस्त्रीवाली म्हणाली.

"कधीपासून? सांगितलं का नाहीस?"

"सहा मिनिटांत काय काय सांगू?"

"केस औषधाने गेले?"

"हो."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, बघू. तू घरी असतास तर..." पुढचं तिने बोलायची गरज नव्हती. त्याने हात पुढे केला. बाईने कागद ठेवला. त्याने इतक्या जोराने सही केली की शेवटच्या अक्षराला कागद फाटला.

मग तो थांबेचना. औषध वेळेवर घेतेस ना, जेवण जातं का, इस्त्रीचं काम बंद कर, कोण नेतं तुला डॉक्टरकडे? गोळ्या कसल्या आहेत? पिवळ्या, ती म्हणाली. किती? दोन सकाळी, एक रात्री. शेजारीण नेते. डॉक्टर भला माणूस आहे. एकेक गोष्ट ती जागच्या जागी रचत होती आणि मुलगा ती लक्षात ठेवत होता, कारण पुढच्या भेटीत त्याला पुन्हा विचारायचं होतं. मायलेकांना पहिल्यांदाच भरपूर वेळ मिळाला, आणि त्यात एकही शब्द खरा नव्हता.

घंटा झाली. बाहेर पॅसेजमध्ये इस्त्रीवाली भिंतीला टेकून उभी राहिली.

"तुम्ही ऐकलंत ना?"

"मी काही ऐकलं नाही."

"अर्जाचा निकाल लागायला वर्ष लागेल म्हणतात. तोवर दर भेटीआधी वस्तरा फिरवायला हवा. वाढायला लागले तर त्याला कळेल."

"हे माझ्यामुळे झालं," बाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"तुमच्यामुळे कसं?" इस्त्रीवाली म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "तुमचा तर नियम आहे." आणि ती बससाठी निघून गेली.

खोलीत पुढची बाई उभी होती. तरुण, काळी, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. दोघींच्या डोकंभर वेण्या, मुलीच्या घट्ट, नव्या, टोकांना लाल रबरं. दोघींनी इस्त्रीवालीला जाताना पाहिलं होतं. मुलगी मुकाट्याने खुर्चीत चढून बसली. तरुण बाईने कंगवाबाईला हळूच विचारलं, "असं केलं की पूर्ण वेळ मिळतो का हो? पुढच्या वेळी हिचेही काढून आणू?"

"नाही!" बाई एवढ्या मोठ्याने ओरडली की मुलगी दचकली. बाईने तिला दोन्ही हातांनी खुर्चीतून उचलून खाली ठेवलं. "जा. दोघी जा आत. पळा."

बाई त्यांच्या मागोमाग गेली. हॉलच्या दाराशी शिपायाने त्यांना अडवलं. मुलीच्या डोक्याकडे पाहिलं, आईच्या डोक्याकडे पाहिलं. एकही वेणी सुटलेली नव्हती.

"बाई, तपासल्या?"

"तपासल्या."

"मग परत कुणी घातल्या?"

"मी."

"अर्ध्या मिनिटात?"

"एकोणीस वर्षं हेच करतेय. हात बसलाय माझा."

शिपायाने टेबलावरची तक्रारवही ओढली आणि पेनचं टोपण काढलं.

"लिही," कंगवाबाई म्हणाली. "पण आधी त्यांना सोड. त्यांची तीन मिनिटं गेली."