काठोकाठ भरलेली वाटी

नारीन शहराच्या वरच्या डोंगरात बात्मा पहिलीच्या वर्गाला शिकवायची, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. निम्मं गाव तिच्या हाताखालून गेलेलं. गावचा मुखियासुद्धा तिला समोरून येताना पाहून सिगारेट लपवायचा. सगळे तिला एजे म्हणत, म्हणजे थोरली बहीण. या उन्हाळ्यात ती निवृत्त होणार होती. जाण्याआधी आपली एक गोष्ट मुलांच्या वाचनपुस्तकात छापून यावी, एवढंच तिच्या मनात होतं.

त्यासाठी ती तालुक्याच्या शाळेत कार्यशाळेला आली. गावोगावच्या शिक्षिका मिळून पुस्तक लिहीत होत्या. नियम असा, की प्रत्येकीची गोष्ट सगळ्यांच्या हातून फिरायची आणि जिला जे खटकेल ते तिनं खोडायचं. हा नियम शहरात बसून केलेला! इथं गालिचावर बसतात तेही वयाप्रमाणे. दारापासून सगळ्यात लांबची मानाची जागा थोरलीची, दाराशी चहाची किटली धाकटीची. धाकटी चहाच्या वाट्या अर्ध्याच भरते. अर्धी वाटी म्हणजे बसा, अजून घ्या. काठोकाठ भरली की पाहुण्यानं काय ते समजावं. अशा ठिकाणी थोरलीच्या लिखाणावर पेन्सिल कोण चालवणार?

बात्माची गोष्ट आयपेरी नावाच्या मुलीची. ती आजोबांचा घोडा गुपचूप काढून पोरांच्या शर्यतीत पळवते, पहिली येते आणि शेवटी वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालून माफी मागते. कागद सगळ्यांकडून फिरून आला, तो जसाच्या तसा.

"झकास झालीय, एजे!"

"माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं बघा."

बात्माचं डोकं फिरलं. वर्गात हीच गोष्ट सांगताना शर्यतीपर्यंत पोरं गुडघ्यांवर उठून बसली होती आणि माफी आली तशी खिडकीबाहेर बघायला लागली होती. काहीतरी चुकत होतं. काय, ते तिला सापडत नव्हतं.

"खोटारड्या आहात सगळ्या," ती म्हणाली. "माझी पहिलीतली पोरं तुमच्यापेक्षा बरी. जांभई तरी खरी देतात."

ती उठली, तरातरा दाराशी गेली आणि नूरझातच्या हातातली किटली तिनं काढून घेतली. नूरझात यंदाच नोकरीला लागलेली, नवी सून.

"ऊठ. माझ्या जागेवर जाऊन बस."

"नको ना, एजे! सासूबाईंच्या कानावर गेलं तर घरात घेणार नाहीत."

"तिला माझ्याकडं पाठव. नाक पुसायला मीच शिकवलंय तिला."

नूरझात मानाच्या जागेवर जेमतेम टेकली. कागद वाचला, पुन्हा वाचला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "एजे, ती जिंकली ना? मग माफी कशाची मागते?"

आयपेरी म्हणजे बात्मा स्वतःच होती. शर्यत जिंकल्यावर आजोबांनी भर मैदानात तिची मान दाबून खाली वाकवली होती. तेव्हापासून गोष्ट अशीच संपते असं ती धरून चालली होती, आणि वर्गामागून वर्गाला तेच शिकवत आली होती. तिला लाज वाटली आणि मग भयंकर राग आला.

तेवढ्यात तालुक्याच्या कचेरीतून पाहणीला आलेले तुर्गुनबेक साहेब खाकरले. "माफी राहू द्या. मुलांना थोरांचा मान राखायला शिकवायचंय. माफी काढलीत तर गोष्ट पुस्तकात नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

नूरझातनं पेन्सिल खाली ठेवली.

"साहेब, इथं सगळ्यात थोरलं कोण?" बात्मानं विचारलं.

"तुम्हीच, एजे."

"मग राखा मान. नूरझात, खोड ते."

"एजे, गोष्ट जाईल तुमची!"

"जाऊ दे गेली तर. मी मागितलीय माफी एकदा, त्याचीच चीड अजून जात नाही. आयपेरी नाही मागणार. खोड म्हणते ना!"

नूरझातनं रेघ ओढली, चांगली कागद फाटेल अशी. शेजारच्या बाईनं कागद ओढून घेतला. "आणि बक्षिसाचं मेंढरू आजोबाच का नेतात हो? पळाली कोण?" तिच्या पलीकडची म्हणाली, "एजे, राग मानू नका, पण तुमची सुरुवात फार लांबते."

"मानणार राग," बात्मा म्हणाली. "तरी खोड."

मग जी काही खोडाखोड आणि भांडाभांडी सुरू झाली! बात्मा किटली घेऊन फिरत राहिली. नूरझातला अर्धी वाटी, शेजारणीला अर्धी वाटी. साहेबांपुढे आली तेव्हा तिनं किटली अदबीनं वाकवली आणि ओतत राहिली. चहा काठाला आला, तरी तिनं आणखी थेंबभर ओतलाच.

साहेबांनी वाटीकडे पाहिलं आणि ते आपली टोपी शोधू लागले.