दोनशे सोळा, दोनशे सतरा

बॅकस्पेसचं बटण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढणारा माणूस मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. काढून त्याने ते खिशात टाकलं आणि म्हणाला, "मिटवायचंच नाही, म्हणजे चुका होणारच नाहीत." हा माणूस चांगला शिकलेला होता, आमचा साहेब होता, आणि त्याचं हे वाक्य ऐकून कुणी हसलं नाही. मीही नाही. आता आठवलं की अंगाची लाही लाही होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी कामगारांची हजेरी कॉम्प्युटरवर भरत असे. शहापूरहून सकाळची एसटी धरायची, ती चुकली की साहेबांचं तोंड ऐकायचं. ऑफिसात दोन टर्मिनलं होती. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. खरं यंत्र काचेच्या खोलीत एसीत बसलेलं, आम्ही पंख्याखाली. एका टर्मिनलवर मी आणि दुसऱ्यावर सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातली एक मुलगी. माझ्याहून थोडी लहान, मला ताई म्हणायची. तिच्या गावातून कॉम्प्युटरवर बसणारी ती पहिलीच. तिचा बाप भात झोडताना थांबून येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचा, असं तीच लाजत सांगायची.

कामगार आत येताना आपला पितळी बिल्ला गेटवर द्यायचे आणि आम्ही बिल्ल्यांचे नंबर भरायचो. तिच्या गावचे लोक एकाच जीपने यायचे. जीपला कायम उशीर. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. सगळ्यांचे बिल्ले जीपमध्येच एका सुतळीत ओवायचे, एकाने ती माळ गेटवर द्यायची आणि बाकीच्यांनी मशीनकडे पळायचं. माळ हिच्याकडे यायची, कारण गाव हिचं. सगळे एकदमच भरती झालेले, त्यामुळे नंबरही ओळीने. दोनशे सोळा हा तिचा सख्खा चुलता. दोनशे सतरा हा शेजारच्या घरातला, आणि त्या दोन घरांचं शेताच्या बांधावरून वाकडं. कीबोर्डवर सहा आणि सात शेजारी शेजारी असतात, त्याला ती काय करणार?

तिचं जुनं टर्मिनल बंद पडलं तेव्हा ठाण्याच्या कंपनीचा इंजिनिअर येऊन नवीन लावून गेला. तेव्हापासून दोनशे सतराचे खाडे पडायला लागले. माणूस दिवसभर मशीनवर उभा आणि कागदावर गैरहजर. तो खिडकीशी येऊन म्हणाला, "मी काय भूत व्हतो काय मशीनवर?" ती रडकुंडीला आली. साहेबांना म्हणाली, "कधीकधी सातच्या जागी सहा पडतो, पण मी लगेच मिटवून सात करते. पडद्यावर सातच असतो, साहेब." मीही पाहिलं होतं, सातच असायचा. इंजिनिअरला फोन केला तर तो फोनवरूनच म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." साहेबांना ते फार आवडलं. आठवडाभर येताजाता तेच म्हणत होते.

आणि मग तो बटण काढायचा पराक्रम. चूक झाली तर तशीच ठेवायची, चिठ्ठी लिहायची, साहेबांची सही घ्यायची आणि मग दुरुस्ती. साहेब जागेवर असतील तर सही मिळणार. इकडे माळेतले बिल्ले पडलेले आणि गेटवरून हाका. शेवटी बटणाच्या जागी उरलेला खुंट ती पेन्सिलीच्या टोकाने दाबायला लागली. मी तरी दुसरं काय केलं असतं? खाडे चालूच राहिले. साहेबांनी निष्कर्ष काढला की बटण काढूनही चुका होतात, त्या अर्थी त्या मुद्दाम होतात.

कामगारांना पर्मनंट करायची वेळ आली आणि दोनशे सतरा मागे पडला. दोनशे सोळा झाला. मग काय, आगीत तेल. दोनशे सतराने गेटवर ओरडून सांगितलं की पोरीने चुलत्यासाठी आपली हजेरी खाल्ली. साहेबांनी शहानिशा केली नाही. शिफ्ट सुटताना सगळ्यांना गेटवर थांबवलं, तिला पुढे उभं केलं आणि म्हणाले, "या मुलीने गावकीचं भांडण कारखान्यात आणलं. उद्यापासून ही येणार नाही." तिच्या गावची सगळी जीप समोर उभी होती. त्याच जीपमधून तिला घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला तिच्या टर्मिनलवर बसवलं आणि खिशातून बटण काढून जागेवर दाबून बसवलं. आता मिटवायला हरकत नव्हती म्हणे. मी माळ घेतली आणि भरता भरता एक नंबर चुकला. मिटवला, नीट केला, पडद्यावर बरोबर दिसला. संध्याकाळी छापील कागद आला तर त्यावर मिटवलेला नंबर. ती खरं बोलत होती.

कल्याणला मी कॉम्प्युटरचा क्लास केला होता तेव्हा stty नावाची एक आज्ञा शिकवली होती. समोरचं टर्मिनल कसं आहे, कुठल्या बटणाचा काय अर्थ घ्यायचा, हे त्या आज्ञेने यंत्राला सांगायचं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं. मी ती दिली आणि 'सगळं दाखव' म्हटलं. पडदाभर सेटिंग्ज आल्या. त्यात मिटवायच्या बटणापुढे अजून जुन्या टर्मिनलची खूण होती. नवीन टर्मिनलचं बॅकस्पेस वेगळीच खूण पाठवत होतं. यंत्राच्या लेखी ते मिटवणं नव्हतंच, आणखी एक अक्षर होतं. पडद्यावर कर्सरचा ठोकळा एक घर मागे जायचा, आपण सहावर सात लिहायचो आणि आपल्याला सात दिसायचा. आत मात्र सहा, मग ती खूण, मग सात असं साठायचं. हजेरीचा प्रोग्राम अंक सोडून काही दिसलं की तिथेच थांबायचा. म्हणजे सहाच राहिला. दोनशे सोळा हजर, दोनशे सतरा गायब.

म्हणजे जी आपली चूक बघते आणि सुधारते, तिचीच चूक कागदावर उरायची, आणि वर तिलाच खोटारडी म्हणायचं. अंगण खरोखरच वाकडं होतं आणि ते तसं ठेवून तो इंजिनिअरच गेला होता.

दुरुस्तीला एक ओळ लागली. stty erase लिहायचं, पुढे तेच बॅकस्पेस दाबायचं आणि एंटर. लॉगिन केल्यावर दर वेळी ही ओळ आपोआप दिली जाईल अशी सोयही केली, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग चुकवून, मिटवून, छापून पाहिलं. बरोबर आलं.

कागद घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न, "तुला कुणी हात लावायला सांगितलं?" इंजिनिअर फोनवर म्हणाला, "हां, ती सेटिंग राहिली असेल." दुधाचं पातेलं ओट्यावर राहावं तशी राहिली असेल. एका मुलीची अब्रू गेली आणि ह्याची सेटिंग राहिली.

मी म्हटलं, "साहेब, गेटवर सांगा ना सगळ्यांना. तिची चूक नव्हती एवढंच."

"झालं ना आता नीट? उगाच कशाला उकरायचं? तिला म्हणावं, यायचं तर ये पहिल्या तारखेपासून."

दोनशे सतराची हजेरी त्यांनी गुपचूप दुरुस्त केली आणि त्यालाही पर्मनंट केलं. कारण कुणालाच सांगितलं नाही.

रविवारी मी तिच्या गावी गेले. ती घ्यायला आली होती, तिला वाटेत सगळं सांगितलं आणि म्हटलं, काम परत मिळतंय. ती म्हणाली, "काम नको ताई. तेवढा त्या शेजारच्या माणसाला सांग. त्याच्या घरातल्या बायका मला विहिरीवर पाणी भरू देत नाय. बाबा घराच्या बाहेर पडत नाय."

दोनशे सतरा अंगणात बसला होता. वयाने मोठा, वागायला सरळ माणूस. मी त्याला समजावून सांगितलं. पाटी मागवली, पाटीवर सहा लिहिला, वर घरातल्या तसबिरीची काच ठेवली आणि काचेवर खडूने सात काढला. वरून सात, काच उचलली की खाली सहा. ती माझ्या मागे उभी होती. त्याने पाटी हातात घेतली, काच ठेवून पाहिली, उचलून पाहिली. त्याला कळलं होतं.

"बाय, तू सांगतेस ता खरा असल," तो म्हणाला. "पन मग सायेब का नाय बोलला? माझी हजेरी गपचूप परत दिली. कुनीतरी कापलीवती म्हनूनच दिली ना?"

"तिने नाही कापली. यंत्रात सेटिंग चुकली होती."

"मग तसा सायेबानी गेटवर सांगू दे. मी तिच्या घरी येन, तिच्या बापाचे पाय धरीन. पन तू तिची मैत्रीन. तू बोलनारच."

मी त्याच्यावर चिडायला पाहिजे होते, पण चिडता येईना. तो चुकीचं काहीच बोलत नव्हता, आणि त्यामुळे माझा राग सगळा मुरबाडच्या त्या साहेबांकडे जात होता.

रस्त्यावर जीपची वाट बघत उभ्या राहिलो. मी म्हटलं, सोमवारी पुन्हा साहेबांकडे जाते, बोलायला लावतेच.

"नको जाऊ," ती म्हणाली. "माझी चूक सांगाया त्यांनी शिफ्टच्या शिफ्ट थांबवली. माझी चूक नाय, ह्या सांगाया तू एकटी एवढ्या लांब आलीस."

जीप आली. मी आत बसले. तिने हात केला आणि घराकडे सरळ न जाता ती शेताच्या बांधाने, लोकांच्या दारावरून जावं लागणार नाही अशा लांबच्या वाटेने निघाली.