हरल्याचं प्रकरण आधी

इथं अमेरिकेत, बॉथेलला, आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. मुलाकडे आले आणि बेसबॉलच्या नादाला लागले. म्हणजे खेळाच्या नव्हे, खेळाडूंच्या आत्मचरित्रांच्या. लायब्ररीतून पुस्तक आणलं की आधी हरल्याचं प्रकरण शोधून काढतात.

"जिंकल्यावर सगळे सारखंच लिहितात रे. हरलेला माणूस बघ कसा मोकळा बोलतो!"

लिफ्टमध्ये भेटले की कुणाचा तरी सुटलेला कॅच असा सांगतात, जणू घरातलंच लग्न मोडलंय. आणि मीही माझा मजला सोडून त्यांच्यासोबत वर जातो.

परवा त्यांना मॅचला घेऊन गेलो. आयुष्यातली पहिलीच. आमच्या टीमनं होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकारच, मारला आणि अख्खं स्टेडियम उभं राहून ओरडायला लागलं.

"काका, बॉल तिकडे!"

काकांची नजर मात्र खाली, बाकावरच्या एका खेळाडूवर. सुरुवातीपासून तो तिथंच बसून होता. टाळ्या त्यानंही वाजवल्या, पण जरा उशिरा. काका ताडकन उठले आणि दोन्ही हात उंचावून त्याच्याकडे बघत अस्सल मराठीत ओरडले,

"लिही रे बाबा, लिही! मी वाचतोय!"