धडधाकट बायका हव्यात

फिजिओथेरपीच्या मास्टर्सला मी विषय घेतला सर्फिंग करणाऱ्यांच्या खांद्याच्या दुखापतींचा. समुद्र नसलेल्या मोरिवलीत राहून! कोकणात जाऊन लाटांवर फळी घेऊन उभ्या राहणाऱ्यांचे खांदे तपासून आले. आता तुलनेसाठी सर्फिंग न करणारी, खांदा अजिबात न दुखणारी माणसं हवी होती. ती मिळाली नाहीत तर माझा प्रबंध लटकणार होता.

"एवढंच ना? आमच्या कंपनीतल्या बायका आणते," आई म्हणाली. ती एमआयडीसीत पॅकिंगला आहे. दिवसभर खोकी उचलून रॅकवर चढवायची. वयं जरा पुढची होती, पण माझ्या गाईड मॅडम चालवून घेणार होत्या.

रविवारी सकाळी समाजमंदिरात सगळ्या हजर. "आमच्याकडं कुठल्या गं लाटा? नाला भरला तर बघू!" अशी चेष्टा चाललेली. प्रत्येकीला विचारलं, "खांदा दुखतो का?" "छे गं!" आणि हात थेट वर. मी भराभर मापं घेतली. हॉलभर बामाचा वास सुटला होता. मला वाटलं, कुणाचं तरी डोकं दुखत असेल. धन्य माझी!

संध्याकाळी चहा करताना बघते, तर वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला आई स्टूल ओढतेय. डबा सहज हाताला येणारा.

"आई, हात वर कर."

हात खांद्यापर्यंत आला आणि तिनं डोळे मिटून घेतले.

"सकाळी कसा गेला मग?"

"गोळी घेतलेली. सगळ्यांनीच. मीच वाटल्या."

"अगं, दुखणं हाच माझा विषय आहे! वाट लावलीस माझी!"

"तुला धडधाकट बायका हव्या होत्या ना?" ती म्हणाली. "आमच्यात कुठून आणू?"

मला रडूच फुटलं. रागही होता, तो काही गेला नव्हता.

सगळी मापं बाद केली. प्रबंध पुढच्या सत्रावर गेला.

पुढच्या रविवारी त्यांनाच परत बोलावलं. म्हटलं, "आज मापं नाहीत. कुणाला काय दुखतं, तेवढं सांगा." सगळ्या खाली बघत बसलेल्या. मग आई उठली.

"आज गोळी घेतली नाही मी," म्हणाली आणि सगळ्यांसमोर हात वर केला. खांद्याशी येऊन थांबला. "माझा इथवरच जातो."

शेजारची बाई हळूच म्हणाली, "माझा तर तेवढाही नाही गं."