बोट माझ्या गोष्टीत नव्हती

“बोटीत बसायलाच नको होतं तिने,” भाभी म्हणाल्या.

“मग काय धरणाच्या मधोमध बस जाते?” काकू म्हणाल्या.

मी आईची साडी फॉल-पिकोला द्यायला आले होते आणि दुकानाच्या पायरीवरच थांबले होते. कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत भाभींचं हे शिवणाचं दुकान आहे. गुरुवार होता. आमच्या भागात दुरुस्तीसाठी बहुतेक गुरुवारी दुपारचे लाइट जातात. घरून काम करणाऱ्या माझ्यासारखीचं वायफाय बंद पडतं आणि भाभींचं मोटरवरचं मशीनही. त्या वेळात भाभी हातशिलाई करतात. वरच्या मजल्यावरच्या काकू, कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेल्या, गॅलरीत उकडतं म्हणून खाली येऊन बसतात. आणि हुक-काजं करणारी ताई त्या दोघींना मोबाइलवरची गोष्ट वाचून दाखवते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त ताईचा आवाज ऐकू आला.

“थांबा ना जी, वाचून राहिली ना मी. ‘रेडिओवालीनं वल्हं पाण्यात घातलं. पाणी असं शांत होतं, की तिला वाटलं, खाली कोणी झोपलं आहे.’”

रेडिओवाली. मी साडीची पिशवी छातीशी धरली. रेडिओवाली माझी होती. बुधवार पेठेतल्या एका अरुंद दुकानात जुने रेडिओ दुरुस्त करणारी बाई, जिला एका रेडिओतून धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावातली बोलणी ऐकू येतात. ती मी लिहिली होती. एका अ‍ॅपवर, टोपणनावाने, दर गुरुवारी एक भाग. पण बोट माझ्या गोष्टीत नव्हती. मी तिला कधी पाण्यापर्यंत नेलंच नव्हतं.

“काय गं, साडी द्यायचीय का उन्हात वाळवायचीय?” काकूंनी विचारलं. मी साडी दिली, “शनिवारी येते” म्हणाले आणि निघाले. घरी पोचेपर्यंत मला रस्ता दिसलाच नाही. डोळ्यांसमोर ते शांत पाणी होतं.

मी मराठीत लिहीत होते, याचं माझ्या ओळखीच्या लोकांना हसूच आलं असतं. माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली. ऑफिसमधल्या मेल्स इंग्रजीत, मैत्रिणींशी बोलणं निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी. मराठी घरात होती, पण ती जेवायला वाढताना, गॅस बंद केलास का विचारताना. म्हणूनच मी मराठी निवडली. ती माझी लपायची जागा होती. माझ्या ओळखीचं कोणी तिथे येणार नाही याची मला खात्री होती.

सुरुवातीला मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे आणि कीबोर्ड त्याची मराठी करायचा. कधी कधी तो मला नको असलेला शब्द द्यायचा आणि तोच बरा वाटायचा. रेडिओवालीच्या गिऱ्हाइकाचं वय लिहिताना आईला विचारलं, “एकोणऐंशी म्हणजे सेव्हन्टी-नाइन ना?” आईला वाटलं, मी बँकेतलं काहीतरी करतेय.

आपली गोष्ट आपणच छापायची म्हणजे सगळंच आपण करायचं. मुखपृष्ठ मी केलं. बाबांच्या माळ्यावरच्या रेडिओचा फोटो काढून त्याला निळा रंग चढवला. भागाच्या शेवटी ‘आवडल्यास तारे द्यायला विसरू नका’ असं लिहायचं असतं. ते लिहिताना मला दारोदार हात पसरल्यासारखं वाटायचं. भाग किती लांब हवा, हे मी चुकत शिकले. पहिले भाग मी पुस्तकातल्या प्रकरणांसारखे लिहिले आणि ते कोणी पुरे वाचले नाहीत. मग कळलं, वाचणारी बाई कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचते. तिला एका बैठकीत एकच गोष्ट घडायला हवी. शेवटच्या ओळीला दार उघडं ठेवायचं, पण धाडकन नाही, वाऱ्याने किलकिलं झालेलं असावं तसं. आणि एकदा टाकलेला भाग आपला राहत नाही. नंतर दुरुस्त केला, तरी ज्यांनी वाचला त्यांच्याकडे जुनाच असतो.

मग एक कमेंट आली. वाईट शब्द एकही नव्हता त्यात. ‘वाक्यं मराठी आहेत, पण आतली बाई परकी वाटते. ही इथे जेवत नाही, झोपत नाही.’ कोणीतरी बरोब्बर माझ्या लपायच्या जागेत टॉर्च मारला होता. मागच्याच भागाच्या शेवटी रेडिओतून कोणीतरी रेडिओवालीला हाक मारली होती. कोणी मारली, हे मलाही ठरवता येत नव्हतं. मी लिहिणं थांबवलं. काही जणींनी ‘पुढे काय?’ विचारलं, मग त्याही थांबल्या.

त्या दिवशी घरी येऊन मी अ‍ॅप उघडलं. कोणी माझी गोष्ट उचलून पुढे लिहिली आहे का, सगळीकडे शोधलं. कुठेच नव्हती. शेवटचा भाग माझाच, हाकेपाशी अडकलेला.

पुढच्या गुरुवारी लाइट जायची वाट बघत होते. गेल्याबरोबर एक ब्लाउज घेऊन निघाले.

“बाही घट्ट होतेय,” मी म्हणाले.

“घालून दाखव, बेटा. आत आरसा आहे,” भाभी म्हणाल्या. त्यांचं घराणं पुण्यात कितीतरी पिढ्यांचं. आजोबा कँपात कोट शिवायचे, असं त्या सांगतात. बोलताना सुईकडे न बघता टाके घालतात.

पडद्यामागे जायच्या जागेशी मोठा आरसा आहे. ताई आरशाकडे पाठ करून स्टुलावर बसली होती. भाभी आणि काकू तिच्या समोर. ती वाचत होती. रेडिओवाली धरणाच्या पार आतल्या पाण्यात पोचली होती. रेडिओ तिच्या मांडीवर होता, त्याला वायर नव्हती, तरी त्यातून खरखर येत होती. मग पलीकडच्या काठावरून कोणीतरी विचारलं, “जेवली का तू?”

भाभींची सुई थांबली.

मी आरशात बघितलं. ताईचा अंगठा सावकाश वर सरकत होता, ओळ संपली की थोडा जास्त. आणि मोबाइलची काच काळी होती. नुसती काळी. तिच्यात दुकानाच्या दाराचा छोटा उजळ चौकोन पडला होता, आणि त्या चौकोनाकडे बघत ती वाचत होती.

मी बाही ओढत तशीच उभी राहिले. कोणी माझ्या घरात माझ्याही आधी राहायला आल्यासारखं वाटलं. राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याहून जास्त मला ऐकायचं होतं, रेडिओवाली जेवली होती की नाही.

“‘पुढील भाग गुरुवारी. आवडल्यास तारे द्यायला विसरू नका,’” ताईने शेवट केला.

“दिले पाच,” भाभी म्हणाल्या.

“माझा एक कमी कर,” काकू म्हणाल्या. “बाई उपाशी ठेवलीय.”

ब्लाउज परत देताना मी भाभींना विचारलं, “रोज वाचता?”

“गुरुवारीच. मध्ये काही गुरुवार भागच आला नाही बघ. नुसत्या बसून होतो आम्ही. ही तर बोलेचना.” त्यांनी ताईकडे मान केली. “मग आला एकदाचा.”

ताईने डोकं आणखी खाली घातलं आणि हुकाला दोरा गुंडाळला. ती यवतमाळकडची. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे इकडे आलेली. तिचं बोलणं ऐकून गल्लीतले लोक हसून तेच परत म्हणायला लावतात, हे मी पाहिलं होतं. इथे, या तीन स्टुलांच्या मध्ये, कोणी हसत नव्हतं. गोष्ट थांबली असती तर ती पुन्हा नुसती हुक लावणारी झाली असती. मी कमेंटला घाबरून दार लावून घेतलं होतं, आणि आत कोणी बसलं आहे का, हे पाहिलंसुद्धा नव्हतं. हे मला कुठल्याच अ‍ॅपने शिकवलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी पुन्हा लिहायला बसले. तिची बोट काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. मी रेडिओवालीला दुकानात बसवायचे आणि ती उठून पाण्याकडे जायची. मी लिहिलेलं सगळं पुसलं. पुढचा भाग आता माझ्या हातात नव्हता. तो ऐकायलाच जावं लागणार होतं.

तिसऱ्या गुरुवारी मी पिशवी उघडली, तेव्हा काकूंनी चष्म्यावरून बघितलं. “एवढ्या साड्या नेसतेस कधी गं? अंगावर तर कायम जीन्स असते.”

“लग्न आहे नात्यात.”

“दर गुरुवारी?”

मी कोपऱ्यातल्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. कोणी बस म्हणालं नव्हतं, पण कोणी उठवलंही नाही. गल्लीत सगळं थांबल्यासारखं होतं. पंखे नाहीत, मशीन नाही, बाहेर फक्त एका सायकलची घंटा. ताई वाचत होती. काठावरची बाई धुक्यातून पुढे आली. तिच्या कमरेवर घागर होती. पदर ओला होता. रेडिओवालीनं तिचा चेहरा ओळखला. ती तिची मोठी बहीण होती.

हाक तिनेच मारली होती. अर्थातच तिनेच. मला इतके दिवस सापडलं नव्हतं ते इतकं जवळ होतं.

“एक मिनिट,” काकू म्हणाल्या. “बहीण? ती तिसऱ्या भागात बुडाली ना?”

ताई थांबली.

“हो की,” भाभी म्हणाल्या. “मी रडले होते.”

“तिसरा भाग काढ बरं. बघू काय लिहिलंय.”

“बॅटरी गेली जी,” ताई म्हणाली. अगदी हळू.

“बॅटरी गेली? कधी?”

“आत्ताच.”

काकूंनी हात पुढे करून मोबाइल घेतला. काच दाबून बघितली, उलटी करून बघितली. “हा तर गार पडलाय. मग इतका वेळ काय वाचत होतीस? तळहात?”

भाभींनी हातातलं कापड खाली ठेवलं. ताई माझ्याकडे बघत नव्हती, कोणाकडेच बघत नव्हती, दारातून येणाऱ्या उजेडाकडे बघत होती. मला माहीत होतं, आता एकच वाक्य उरलं होतं. ते ती म्हणाली, की ही दुपार संपणार होती, रेडिओवालीही इथेच संपणार होती. आणि ते मी म्हणाले, तर माझी लपायची जागा जाणार होती. उद्या भाजीवाल्याकडे काकू आईला गाठणार, ‘तुमची मुलगी लिहिते म्हणे.’ परवा सोसायटीच्या ग्रुपवर.

मी ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा तोंड उघडत नाही.

“बहीण सापडली नव्हती,” मी म्हणाले.

तिघी वळल्या.

“तिसऱ्या भागात. ती सापडली नाही, एवढंच लिहिलंय. बुडाली असं कुठेच नाही लिहिलं. लोक तसं धरून चालले.”

“तू वाचतेस?” भाभींनी विचारलं.

“मग वाचतानाच पाठ केलंस की काय?” काकू म्हणाल्या. “तुला गं इतकं नेमकं कसं माहीत?”

ताईने आता माझ्याकडे बघितलं. तिच्या हातातली सुई हवेतच होती, दोरा खाली लोंबत होता.

“मी लिहिते ती गोष्ट,” मी म्हणाले. “मी आणि ह्या ताई. आम्ही दोघी.”