बसून करायचं काम

माझी धाकटी जाऊ बसत नाही. आमच्याकडे आली की ओट्याला टेकून उभी राहते, चहा उभ्यानं पिते, आणि बोलताना अंगाचं वजन या पायावरून त्या पायावर टाकत राहते. बघणाऱ्याचे पाय दुखायला लागतात.

एका मोठ्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ती भट्टीवर काम करते. भट्टी म्हणजे कमरेच्या उंचीचा दांडगा गॅस. त्यावर मूल आंघोळ करेल एवढं पातेलं, आणि ढवळायला वल्ह्यासारखा लांब दांड्याचा डाव. सकाळी जाते ती सगळ्यांची जेवणं उरकल्यावरच बाहेर पडते, आणि मधल्या वेळात कुठंही बूड टेकत नाही. तिथल्या किचनमध्ये बसायचं नाही, असा नियम आहे. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नाही. भिंतीवर लिहिलेलाही नाही. पण आत खुर्ची नाही, स्टूल नाही, म्हणजे नियम आहेच. लग्न होऊन आली तेव्हा ही पोरगी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची. आता पहिल्या मजल्यावर माझ्याकडे येताना वळणावर थांबते, आणि थांबायला निमित्त हवं म्हणून पदरानं कठडा पुसते. आमच्या जिन्याचा तेवढाच कठडा चकचकीत आहे.

यंदा तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा. डॉक्टरनं बघितलं आणि सरळ सांगितलं, बसून करायचं काम बघा, नाहीतर काम सोडा.

"मग सोड," मी म्हटलं. मला लांबण लावलेली चालत नाही.

"आणि घरी राहून काय करू? दिवसभर तुमच्या दिराचं तोंड बघू?"

"इतकी वर्षं बघतेसच की."

"म्हणून तर म्हणतेय."

माझा दीर तिथंच पेपर वाचत बसला होता. पेपरामागून आवाज आला, "माझ्या तोंडाला काय झालंय?" 

पुढच्याच आठवड्यात ती आली ती धापा टाकत. या खेपेला कठडासुद्धा पुसला नव्हता.

"वहिनी, आमच्याकडे थंड काउंटर आलाय. काचेची पेटी, आत सगळं गारेगार. आणि मागं स्टूल."

"बरं."

"बरं काय? स्टूल, वहिनी! पेटीबरोबरच आलंय. पाठ टेकायलासुद्धा आहे त्याला. पाय ठेवायला खाली दांडी आहे."

इतर बायका जरीच्या साडीबद्दल बोलतात तशी ती त्या स्टुलाबद्दल बोलत होती. पण मॅनेजरची एक अट होती. काउंटरवर एक थंड गोड पदार्थ ठेवायचा आणि त्यात दूध, साय, लोणी काहीही नको, कारण ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना दूध पचत नाही आणि उरलेल्यांना आपल्याला पचत नाही असं वाटतं. जो असा पदार्थ किचनमध्ये करून दाखवेल त्यानं काउंटरवर बसायचं. तिच्याखेरीज तिथल्या ज्यूसवाल्याचाही त्यावर डोळा होता.

"त्याला कशाला हवंय? चांगला धडधाकट आहे ना तो?"

"त्याला बसून मोबाइल बघायचाय."

नारळाच्या दुधाचं करायचं तिनं ठरवलं. नारळाचं दूध, साखर, चिमूटभर मीठ आणि घट्ट बसायला चायना ग्रास. समुद्रातल्या शेवाळाचे ते पांढरे दोरे पाण्यात उकळले की विरघळतात आणि गार झाले की आवळून धरतात. तालीम माझ्या घरी, कारण तिच्या फ्रिजचं नुसतं कपाट झालेलं आहे.

पहिल्या दिवशी तिनं नारळ फोडले, खवले, मिक्सरमधून काढून कापडातून दाट दूध पिळलं. हात असे चालत होते की मी मध्ये बोलायची सोयच नव्हती. एका बाजूला चायना ग्रास उकळला. मग दूध गॅसवर चढवलं, बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि उभी राहिली ढवळत.

"उतरव आता. गरम झालं की," मी म्हटलं.

"थांबा हो. अजून तेल कुठं सुटलंय?"

तेल सुटल्यावरच तिनं उतरवलं, चायना ग्रास ओतला आणि वाट्या फ्रिजमध्ये गेल्या. सकाळी फ्रिज उघडला तर वाट्यांमध्ये दोन मजले. वर पांढरा कडक थर, खाली राखाडी, काचेसारखं काहीतरी थरथरत होतं. दिरानं चमच्यानं वर टकटक केलं.

"वर मेणबत्ती झालीय. काडेपेटी देता का?"

जाऊ हसली नाही. वाटीकडे बघत तशीच उभी राहिली. भट्टीवर इतकी वर्षं तिनं एकच खूण जपली होती, कडेला तेल सुटलं की झालं. रस्सा असो, मसाला असो, तेल दिसेपर्यंत उतरवायचं नाही. सगळं कॅन्टीन त्या खुणेवर जेवलं. आणि हा पदार्थ असा, की तेल दिसलं म्हणजे वाया गेला.

मी विज्ञानाची पदवीधर. नारळाच्या दुधात तेल आणि पाणी एकमेकांना कसं धरून असतं, उकळी आली की ती पकड कशी सुटते, हे मी तिला व्यवस्थित समजावून सांगितलं. तिनं वजन या पायावरून त्या पायावर टाकत सगळं ऐकून घेतलं.

"मला कळलं, वहिनी. आता हेच जरा माझ्या हाताला सांगा."

दुसऱ्या खेपेला गॅस बारीक ठेवला होता. मी पाठ फिरवून साखरेचा डबा काढेपर्यंत ज्योत पातेल्याबाहेर आली.

"कुणी मोठा केला?"

"मी नाही केला."

"मग काय दिरानं केला?"

"वहिनी, मी इथं सोफ्यावर आहे," बाहेरून आवाज आला. "माझ्यावर ढकलू नका."

तिनं आपल्या हाताकडे बघितलं. हात बटणावर होता. त्या दिवशीही मेणबत्तीच झाली.

तिसऱ्या दिवशी ती कामावरून थेट आली. पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या आणि चेहरा धुऊन वाळत टाकलेल्या फडक्यासारखा. कॅन्टीनमधली परीक्षा दोन दिवसांवर आली होती. नारळ खवून झाले, दूध पिळून झालं, आणि पातेलं चढवता चढवता ती म्हणाली, "जाऊ दे वहिनी. बसू दे त्या ज्यूसवाल्यालाच. मी सोडते काम. मला आता काही करवत नाही."

हे सगळं ती या पायावरून त्या पायावर होत म्हणाली, आणि माझं डोकं फिरलं. मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची फरफटत गॅससमोर आणली आणि तिचा खांदा दाबला.

"बस."

"अहो, असं बसून कुणी स्वयंपाक करतं का?"

"तुझ्या कॅन्टीनचा नियम तुझ्या कॅन्टीनमध्ये. हे माझं घर आहे. बस म्हणते ना!"

बसली. एरवी ती वरून पातेल्यात बघायची आणि तिला नुसता पांढरा रंग दिसायचा. आता तिची नजर बरोबर पातेल्याच्या काठाशी आली. ढवळायचा हातही आपोआप सावकाश झाला. उभ्या माणसाला पुढच्या कामाची घाई असते, बसलेल्याला नसते.  थोड्या वेळानं तीच म्हणाली, "वहिनी, कडेला वाफ धरतेय. आतून हललं."

"मग?"

"मग काय, उतरवते."

तेलाचा ठिपकासुद्धा नव्हता. साखर घातली, विरघळलेला चायना ग्रास गाळून त्यात ओतला, आणि ती तशीच बसून ढवळत राहिली, कोमट होईपर्यंत, म्हणजे थर बसू नये. ढवळता ढवळता डाव थांबला. बघते तर बाई झोपलेल्या. डाव हातात, मान खांद्यावर. मी डाव सोडवून घेतला, वाट्या मीच भरल्या. दीर पाणी प्यायला आत आला, बायकोला खुर्चीत बसलेली बघून दारातच थबकला आणि पाणी न पिताच चवड्यांवर परत गेला.

सकाळी वाट्यांमध्ये वरपासून खालपर्यंत एकच रंग. चमचा घातला की कड सुबक तुटायची. दिरानं पूर्ण वाटी संपवली आणि म्हणाला, "गोड कमी आहे."

खरं होतं. तिनं चव गरम असताना घेतली होती. गार झालं की गोडी दबते. साखर वाढवायचं ठरलं. माझा दीर कामाचं बोलला, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

परीक्षेच्या दिवशी मी तिथं नव्हते. जे घडलं ते तिच्याकडून ऐकलं आणि नंतर ज्यूसवाल्याकडून, त्यामुळे खरं असणार. तिनं छोटं पातेलं भट्टीवर चढवलं. उभी राहिली. वरून बघितलं तर पांढरं. हात बटणाकडे निघाला. तेव्हा तिनं गॅस बंद केला, कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा आणला, उलटा घातला, वर पोतं दुमडून ठेवलं, गॅस बारीक पेटवला आणि सगळ्यांसमोर त्यावर बसली.

भांडी घासणारीनं नळ बंद केला. कापाकापी थांबली. मॅनेजर आत आला.

"बाई, बसलात?"

"हो."

"किचनमध्ये बसत नाहीत."

"हे बसूनच करायचं काम आहे, साहेब. उभ्यानं केलं की फुटतं."

"मग आम्ही आमचं झोपून करतो!" ज्यूसवाला म्हणाला. सगळे हसले. मॅनेजरही हसला. ती उठली नाही. कान तापले होते, म्हणाली, उठून पळावंसं वाटत होतं, पण डोळे काठावरून हलवले असते तर सगळं वाया गेलं असतं. वाफ धरली, तशी तिनं पातेलं उतरवलं आणि मगच वर बघितलं. मॅनेजर तिथंच उभा होता. मग वळून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चव. ज्यूसवाल्यानं फळांचा गर गोठवला होता. तो इतका गोठला की मॅनेजरचा चमचा वाकला. मग त्यानं हिची वाटी घेतली. खाल्ली. दुसरी घेतली.

"हे रोज होईल?"

"बसून होईल."

मॅनेजरनं डोकं खाजवलं. "डबा वापरा. पण काम झालं की जागेवर ठेवत जा. कुणीतरी अडखळेल."

पंधरवड्यानं मी बघायला गेले. बोलावणं नव्हतं, पण मला ते स्टूल बघायचंच होतं. काचेच्या पेटीमागं ती बसली होती. पाठ टेकलेली, पाय दांडीवर, पट्ट्या तशाच. मी दिसताच सवयीनं अर्धी उठली आणि पुन्हा टेकली.

"वहिनी, मी उठत नाही हं."

"उठून तर बघ!"

चेहरा उजळला असेल, असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. आधीपेक्षा जास्तच दमलेली दिसली. मी तसं तोंडावर सांगितलं.

"उभी होते तेव्हा कळत नव्हतं कुठं कुठं दुखतंय ते," ती म्हणाली. "आता बसले तर एकेक सांगायला लागलंय. गुडघे वेगळे, टाचा वेगळ्या, कंबर तर सारखी बोलते. इतकी वर्षं सगळी गप्प होती बिचारी."

"मग ऐक त्यांचं."

"ऐकतेय ना. दुसरं काय करतेय?"

तिनं पेटीतून एक वाटी काढून दिली. गार, मऊ, गोडी नेमकी. मी उभ्यानंच संपवली, कारण त्या बाजूला बसायला काही नव्हतं, आणि दुसरी मागितली. तिनं ती बसल्या जागेवरून, हात लांब करून दिली.